नकाशावरचे कंटूर वाचताना या चुका टाळा

पावसाळ्यात कर्जत-कसारा लोकल धरून सह्याद्रीत जाणाऱ्या मुंबईकरांसाठी सगळ्यात धोक्याची चूक आधी सांगते: सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) आणि नाळ (दोन धारांमधली घळ) यांत गल्लत. दोन्ही ठिकाणी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 'व्ही'सारखे वळतात. वळणाचं टोक चढाच्या बाजूला असेल तर ती नाळ, उताराच्या बाजूला असेल तर सोंड. नुसत्या आकारावरून हे कळत नाही, म्हणून आधी शेजारच्या दोन रेषांचे आकडे वाचा आणि चढ कुठे आहे ते ठरवा. सोंड समजून नाळेत शिरलात आणि वर पाऊस कोसळला, तर पाणी आणि दगड दोन्ही तुमच्याच वाटेनं खाली येतात.

दुसरी चूक, आकडा म्हणजेच चढाई असं धरणं. कंटूरवरची उंची समुद्रसपाटीपासून असते. लोहगड हजार मीटरच्या वर, प्रबळगड सुमारे सातशे. तरी प्रबळगडच जास्त दमवतो, कारण लोहगडाच्या पायथ्याचा मळवलीचा परिसर मुळातच सहाशेच्या आसपास आहे आणि प्रबळगडाचा पनवेलकडचा पायथा कितीतरी खाली. वरच्या आकड्यातून पायथ्याचा आकडा वजा करा, मगच निघायची वेळ ठरवा.

सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा संस्थेच्या १:५०,००० शीटवर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि डोंगराळ भागात दोन कंटूरमधलं अंतर साधारण २० मीटर. दोन मिलिमीटरच्या जागेत पाच टप्पे दिसले, तर १०० मीटर आडव्या अंतरात १०० मीटर चढ, म्हणजे ४५ अंशांचा उभा उतार! पट्टी लावून एकदा मोजून बघा, रेषा दाट होणं म्हणजे काय ते कायमचं लक्षात राहतं. पण रेषा विरळ म्हणून निर्धास्तही राहू नका. पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन कंटूरच्या मधे बसून जातो आणि तो दोर लावल्याशिवाय उतरता येत नाही. अशा जागांची माहिती पायथ्याच्या गावातच विचारावी.

मोबाइलच्या काही नकाशांत झूम केलं की कंटूरमधलं अंतर बदलतं, त्यामुळे मोजण्यापूर्वी दर वेळी आकडे पाहा.

सरावासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा उत्तम. तुळशी आणि विहार तलावांकडे उतरणारे ओढे कंटूरवरून पेन्सिलीनं काढा, मग नकाशातल्या निळ्या रेषांशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही, तिथले आकडे पुन्हा वाचा.