जुना किमोनो घेण्याआधी बाही उलटून बघा

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ ला कितानो तेनमांगूत जुना बाजार भरतो. तिथल्या निळ्या-पांढऱ्या ढिगात खरी कासुरी (आपल्या इकतसारखी, सूत आधी रंगवून विणलेली) कोणती आणि छापील कोणती, हे पटकन कळत नाही.

१. बाही उलटा. सुती कासुरीला बहुधा अस्तर नसतं, त्यामुळे सोपं जातं. मागची नक्षी फिकट असेल तर छापील समजा.

२. नक्षीची कड जवळून पाहा. विणलेली असेल तर ती किंचित फिसकटलेली दिसते.

३. शिवणीत सुटा धागा असेल तर तोच खरा साक्षीदार: एकाच धाग्यावर निळा-पांढरा रंग आरपार मुरलेला हवा.

मात्र यंत्रमागावरची कासुरीही यात पास होते. तेव्हा ‘हातमाग’ म्हणून जादा पैसे मोजू नका.