‘द गिव्हर’ मुलांसोबत वाचताना

(कथानक इथे फुटतं. हे गट चालवणाऱ्या मोठ्यांसाठीच आहे.)

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) ही कादंबरी एका कल्पित, काटेकोर नियमांच्या समाजात वाढणाऱ्या जोनस या मुलाची. ती गटात वाचायची तर तो समाज ‘वाईट’ आहे हे आधी सांगू नका. मुलांना तो आधी आवडला पाहिजे. तिथे भूक नाही, भांडण नाही, नवव्या वर्षी प्रत्येकाला सायकल मिळते. ‘भयावह भविष्याची गोष्ट’ अशी ओळख करून दिलीत की मुलं पहिल्या पानापासून फक्त चुका शोधत बसतात. २०१४चा सिनेमाही शेवटीच दाखवा. तो कृष्णधवल सुरू होतो, त्यामुळे रंगांचं गुपित (तिथल्या लोकांना रंग दिसतच नाहीत) तिथेच संपतं.

बारा वर्षांपुढची आठ-दहा मुलं पुरेत. २३ प्रकरणं सहा बैठकांत बसतात : १–५, ६–१०, ११–१४, १५–१८, १९–२०, २१–२३. बैठक तासाभराची, पाचवीला मात्र दीड तास ठेवा.

प्रत्येकाला दोन रकान्यांचा कागद द्या. डावीकडे ‘इथलं काय आवडलं’, उजवीकडे ‘त्यासाठी काय द्यावं लागलं’. पहिल्या दोन बैठका उजवा रकाना कोराच राहू द्या. कागदाच्या मागे ‘रिलीज’ (म्हणायला ‘मुक्त करणं’, प्रत्यक्षात ठार मारणं) हा शब्द येईल तिथलं पान आणि कुणाला रिलीज केलं ते टिपायचं : पहिल्या प्रकरणातला चुकलेला वैमानिक, मग म्हातारी माणसं, मग वजन न वाढणारी बाळं. अर्थ विचारला तर सांगू नका.

तिसऱ्या प्रकरणात जोनसच्या हातातलं सफरचंद क्षणभर ‘बदलतं’. एखादं चलाख मूल तिथेच ओळखतं. त्याला अंदाज चिठ्ठीवर लिहून घडी घालायला सांगा. बाराव्या प्रकरणानंतर उघडायची.

नववं प्रकरण छोटं आहे, ते मोठ्याने वाचा. समाजाच्या जुन्या आठवणी सांभाळायच्या कामासाठी निवडलेल्या जोनसला मिळालेल्या आठ नियमांतला शेवटचा : तू खोटं बोलू शकतोस. इथे वाचन थांबवून एकच प्रश्न टाका : हीच मुभा घरातल्या मोठ्यांनाही मिळालेली असेल तर? मग गप्प बसा. मुलांना बोलायला वेळ लागतो, आणि घाईने आपणच उत्तर दिलं तर हे प्रकरण वाया जातं.

एकोणिसावं प्रकरण घरी वाचायला देऊ नका. जोनसचे प्रेमळ बाबा जुळ्यांतल्या हलक्या बाळाला कपाळाच्या शिरेत सुई टोचतात, तेही लाडाने बोलत. पालकांना आदल्या आठवड्यात कल्पना द्या; घरात तान्हं बाळ असेल किंवा नुकतं गेलं असेल तर खास विचारा. वाचून झाल्यावर लगेच चर्चा नको. दहा मिनिटं कागद पुढे ठेवा, उजवा रकाना आपोआप भरतो. जुनी ‘रिलीज’ची यादीही तेव्हाच पुन्हा वाचायची.

शेवट मोकळा आहे : जोनस आणि त्याने सोबत पळवून नेलेलं बाळ गॅब्रिएल वाचले की थंडीत गेले? मत घ्या, पण प्रत्येकाने पुस्तकातलं एक वाक्य पुरावा म्हणून दाखवायचं. ‘मला वाटतं’ चालणार नाही.

पुढचे भाग, ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००), ‘मेसेंजर’ (२००४) आणि ‘सन’ (२०१२), हा वाद झाल्यावरच हाती द्या. ‘गॅदरिंग ब्लू’ देताना आधीच सांगून ठेवा की गाव वेगळं आहे आणि नायिकाही नवी. नाहीतर जोनसला शोधत मुलं तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटतात.