मिठाला पाणी सुटतं, मीठ वितळत नाही: पदार्थ ओळखताना या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यात आमच्या डिचोलीत मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साठतं. शिकवणीतल्या एका मुलीने त्यावर वहीत लिहिलं, ‘दमट हवेत मीठ वितळते.’ मी गुण कापला. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढं ऊन डिचोलीत मे महिन्यातही पडत नाही. मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळतं. वितळायला उष्णता लागते, विरघळायला दुसरा पदार्थ. पण बोलताना आपण सगळेच ‘बर्फ विरघळला’ म्हणतो, तेव्हा त्या पोरीला किती बोल लावणार?

तिला पुढचा प्रश्न विचारला: मीठ संयुग, म्हणजे मूलद्रव्यं रासायनिक रीतीने जोडून झालेला एकच पदार्थ, की नुसतं एकत्र आलेल्या पदार्थांचं मिश्रण? ‘संयुग’, लगेच उत्तर. सोडियम क्लोराइड संयुग आहे, हे खरं. बरणीत मात्र मिठागरातलं जाडं मीठ होतं. त्यात समुद्राच्या पाण्यातून आलेलं मॅग्नेशियम क्लोराइड उरलेलं असतं, आणि जास्त पाणी सुटतं ते त्याच्यामुळे. म्हणजे बरणीतलं मीठ मिश्रणच. पुस्तकातलं नाव आठवून उत्तर देऊ नका, समोरचा नमुना बघा.

नुसतं डोळ्यांनी बघूनही भागत नाही. दूध एकसारखं दिसतं म्हणून मुलं त्याला समांगी, म्हणजे सगळीकडे एकजीव, म्हणतात. पाण्यात दोन थेंब दूध टाका, खोलीत अंधार करा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. प्रकाशाची वाट स्पष्ट दिसते, म्हणजे ते कलिल, बारीक कण तरंगत असलेलं मिश्रण. मिठाच्या नितळ पाण्यात ती दिसत नाही. सोलकढीला तर टॉर्चही नको, अर्धा तास ठेवली की स्वतःच थर दाखवते. देवघरातली पितळी समई उलट बाजूची: तांबं आणि जस्त असूनही समांगी मिश्रण.

‘खोबरेल तेल द्रव आहे’ हे उत्तर अर्धंच, कारण त्यात तापमान नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरच्या पहाटे सत्तरी तालुक्यात बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. शिवाय ते एकदम थिजत नाही, आधी गढूळ होतं, मग तळापासून घट्ट. एकाच ठरावीक तापमानाला गोठणं हे शुद्ध पदार्थाचं लक्षण, आणि खोबरेल अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण आहे.

सगळ्यात जास्त घोळ घनतेत, म्हणजे वजन भागिले आकारमान यात, होतो. ‘खनिजाचा दगड जड असतो’ असं लिहिलं तर मी विचारते, किती मोठा दगड? समजा हेमॅटाइट या लोहखनिजाचा तुकडा २६० ग्रॅम भरला आणि मोजपात्रातलं पाणी ५० मिलिलिटर चढलं, तर घनता ५.२ ग्रॅम प्रति मिलिलिटर. पातळी वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत ठेवा आणि खोलगट भागाचा तळ वाचा.

हाच प्रयोग चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, तुकड्यावर केला की आकडे बिघडतात. पाण्यातून बुडबुडे येतात आणि चढलेली पातळी हळूहळू उतरायला लागते. मुलांना वाटतं पात्र गळतंय! जांभ्याला भोकं असतात, त्यांत पाणी शिरतं. मग आकारमान कमी येतं आणि घनता फुगते. म्हणून वजन कोरड्या तुकड्याचं घ्या, मग तो रात्रभर भिजत घाला, वरचं पाणी फडक्याने टिपा आणि तेव्हाच मोजपात्रात सोडा.

लोहखनिज म्हणजे लोखंड नव्हे, हेही दरवर्षी सांगावं लागतं. हेमॅटाइट हे लोह आणि ऑक्सिजनचं संयुग, शुद्ध असलं तर वजनाने सुमारे ७० टक्के लोह. रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, कारण काही तुकडे लाल असतात, तर काही पोलादासारखे काळे-करडे. तुकडा बाथरूमच्या पांढऱ्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. तांबूस रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली आणि लोहचुंबकही घट्ट चिकटला तर मॅग्नेटाइट हे दुसरं लोहखनिज. छपराच्या कौलावर मात्र घासू नका. गेल्या वर्षी एकाने घासलं आणि लाल कौलावर लाल रेघ शोधत बसला.