गावच्या घराचा सीसीटीव्ही, आधारची झेरॉक्स आणि फोन: प्रायव्हसी कशी सांभाळायची

गणपती-शिमग्याला गावी आलं की हल्ली चाकरमान्यांचं एक काम ठरलेलं, पडवीच्या वाशाला सीसीटीव्ही ठोकायचा. घर वर्षभर बंद, मागे आंबा-काजू, मुंबईत बसून खळं दिसलं की जिवाला बरं वाटतं, त्यात गैर काहीच नाही. पण त्याच कॅमेऱ्यात शेजारची विहीर येते, पाखाडीवरून (वाडीतल्या दगडी पायवाटेवरून) कोण कुणाकडे कधी गेलं ते येतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मग समोरचाही लावतो, आणि बघता बघता अख्खी वाडी एकमेकांच्या फोनात. म्हणून सरकार नि कंपन्यांना शिव्या घालायच्या आधी आपल्या वाशापासून सुरुवात करूया.

आधी अँगल. हे दोघांचं काम आहे, एक शिडीवर, दुसरा खाली फोनवर लाइव्ह बघत. कॅमेरा खाली झुकवत जायचा, आपला गडगा (दगडी कुंपण) संपला तिथे चित्र संपलं पाहिजे. तरी पलीकडची विहीर दिसतेच असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ शोधा, तेवढ्या भागावर काळा चौकोन ओढता येतो (सगळ्या कॅमेऱ्यांत नसतो, घेतानाच विचारा). फिरणारा कॅमेरा असेल तर ऑटो ट्रॅकिंग बंद, नाहीतर तो पाखाडीवरच्या प्रत्येकाच्या मागे मान वळवत बसतो. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद करा, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, पडवीत बसून बोललेलं सगळं मुंबईत ऐकू जातं. आणि झालं की शेजारच्या काकींना बोलवून स्क्रीन दाखवा, “काकी, बघा, तुमच्याकडचं काय दिसतंय का?” दोन मिनिटं लागतात, भांडण वाचतं.

मग पासवर्ड. लावायला आलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच्याच नंबरवरून अकाउंट उघडतो, तसं करू देऊ नका. अकाउंट तुमच्या नंबरवर, कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदलायचा, कॅमेऱ्याखालच्या क्यूआर स्टिकरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. भाचे, चुलतभाऊ, त्यांचे मित्र अशी शेअरिंगची यादी वाढतच जाते, ती वर्षातून एकदा झाडून काढा.

होमस्टेवाल्यांनी, मग ते तारकर्लीचे असोत की गुहागर-दापोलीचे, कॅमेरा गेट आणि पार्किंगपुरताच ठेवायचा, तोही पाटी लावून. खोलीत, बाथरूमजवळ अजिबात नाही. संमतीशिवाय कुणाचं तसलं चित्रण केलं तर आयटी कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाहुण्यांनी आधारचा फोटो सरळ व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायची सवय सोडा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन करा, डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’वर टिक करा, बारापैकी पहिले आठ आकडे झाकून येतात. झेरॉक्स द्यायची वेळ आलीच तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला. त्याच साइटवर बोटांचे ठसेही लॉक करता येतात, फक्त रेशनला अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरते उघडायला विसरू नका, नाहीतर दुकानात खोळंबाल.

गावात कुठली आलीय प्रायव्हसी, असं म्हणणारे भेटतीलच. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलंय, त्यात वाडीतली माणसंही आली.

फोनचं काम सोपं आहे. अँड्रॉइडवर सेटिंग, लोकेशन, मग ॲप परमिशन. ‘कायम’ परवानगी असलेली ॲप्स एकेक करून ‘वापरत असतानाच’वर आणा. पावसाचा अंदाज बघायला अंदाजे जागा पुरते, घराचा नेमका ठिपका कशाला? टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला लागतात ते मला आजवर कळलेलं नाही, उडवून टाका. गूगल मॅप्सची टाइमलाइन उघडून बघा, चालू असेल तर तुम्ही कधी कुठे होतात ते सगळं सापडेल, नको असेल तर डिलीट करून बंद करा.

होडीवरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे होडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र, मात्र या नादात काढू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला जिची सुरुवात झाली ती एक लाख बोटींवर तो बसवायची योजना यासाठीच आहे, खोल समुद्रात वादळात सापडलात तर तोच निरोप पोचवतो. तो कुणाला दिसतो ते मत्स्य खात्यात जाऊन विचारा, पण चालू ठेवा.

राहिला फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, टोलनाक्यावरच्या प्रत्येक फेरीची वेळ नोंदली जाते, त्यातून सुटका नाही. गाडी विकताना मात्र तो बँकेकडून बंद करून घ्या, नाहीतर नवा मालक फिरणार आणि मेसेज तुम्हाला येणार.