डोझर ठरवताना आधी ब्लेड आणि चेन बघा

डोझर म्हणजे पुढच्या ब्लेडने (पात्याने) माती ढकलणारं, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या चेनवर चालणारं मशीन. तो तासावर भाड्याने ठरवताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात आणि मग अर्धी माती ब्लेडच्या कडांनी सांडताना बघत बसतात. त्याआधी जागेवर एक चक्कर मारा.

१. माती कुठून कुठे न्यायची ते पावलांनी मोजा. साधारण १०० मीटरच्या आत असेल तरच डोझर परवडतो. त्यापुढे एक्स्कॅव्हेटर आणि डंपर बरा.

२. मुठीत माती घ्या. भुसभुशीत आणि लांब न्यायची असेल तर दोन्ही कडा पुढे वळलेलं यू-ब्लेड मागा, माती पोटात धरून ठेवतं. कडक जमिनीत सरळ ब्लेड, मुरूम फारच घट्ट असेल तर मागे रिपर (जमीन फोडणारा दात) हवाच. चर बुजवायचा किंवा माती एका बाजूला टाकायची तर तिरकं होणारं ब्लेड.

३. टाच दाबून बघा. सहज रुतली तर रुंद पट्ट्यांची चेन लागेल.

काम सुरू झालं की ऑपरेटरला एकाच चाकोरीतून ढकलायला सांगा. दोन्ही बाजूंना मातीचे बांध उभे राहतात आणि सांडणं बरंचसं थांबतं. उतार असेल तर वरून खाली. फेऱ्या किती वाचतात ते तुम्हीच मोजा.

एक जपा: रुंद पट्ट्यांचं मशीन खडकाळ जागी वळवू नका. पट्ट्या वाकतात, पिना झिजतात, आणि डोझरच्या दुरुस्तीत सगळ्यात मोठा खर्च याच खालच्या भागाचा असतो.