ग्लायडर उतरवायच्या आधी काय काय उरकून ठेवायचं

ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे अप्रोच (उतरायला धावपट्टीकडे येणं) बिघडला तर पॉवर देऊन परत एक चक्कर मारू अशी सोयच नाही, हातात उरलेली उंची आणि स्पीड एवढंच भांडवल. म्हणून माझं ठाम मत आहे की उतरायची तयारी वरच, निवांत असतानाच उरकायची, म्हणजे खाली आल्यावर डोक्याला स्पीड, टेकायची जागा आणि आजूबाजूची ट्रॅफिक सोडून दुसरं कामच राहत नाही.

तर वर असताना आधी ठरवा की आता उतरायचंय, आणि एकदा ठरलं की वाटेत लिफ्ट (वर नेणारी हवा) लागली म्हणून खालच्या उंचीवर थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घिरट्या घालायच्या नाहीत, त्यात लोकांचे जीव गेलेत. लांबच्या फ्लाइटनंतर दोन घोट पाणी प्या, थकलेल्या माणसाचं लक्ष एकाच गोष्टीला चिकटून बसतं आणि बाकीचं दिसेनासं होतं. वॉटर बॅलास्ट (वजनासाठी पंखात भरलेलं पाणी) असेल तर सोडायला लागा, ते रिकामं व्हायला काही मिनिटं जातात. बेल्ट घट्ट, मोबाईल-नकाशे आत, चाक खाली आणि लॉक, रेडिओवर बोलायचं ते बोलून घ्या, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा आणि अप्रोच स्पीडचा आकडा मोठ्याने म्हणा. एअरस्पीड इंडिकेटरवरचा पिवळा त्रिकोण ही सुरुवात, वारा असेल तर वाऱ्याच्या साधारण निम्मा त्यात मिळवा, कारण जमिनीजवळ वारा कमी होतो तसा स्पीड एकदम गळतो.

मग लिव्हर. निळा एअरब्रेकचा (पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या, त्यांनी ग्लायडर लवकर खाली येतं), पिवळा रिलीजचा (ओढणारा दोर सोडायचा), हिरवा ट्रिमचा (स्टिकवरचा जोर कमी करायचा), हे सगळ्यांना पाठ असतं, तरी एअरब्रेक समजून फ्लॅप (पंखामागची हलणारी पट्टी) किंवा चाकाचाच लिव्हर ओढत बसल्याने अपघात झालेत. ग्लायडर खाली येत नाही म्हणून माणूस तोच लिव्हर आणखी ओढतो, हाताकडे बघतच नाही! त्यामुळे डाऊनविंडलाच (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाताना) हात निळ्यावर, एकदा डोळ्याने रंग बघा, एअरब्रेक थोडे उघडा, पंखावर खरंच वर आलेत का ते मान वळवून बघा, आणि मग तो हात तिथून काढू नका.

फायनलला (धावपट्टीकडे सरळ येताना) चाक खाली नसल्याचा अलार्म वाजला तर? बऱ्याच ग्लायडरमध्ये चाकाचा लिव्हर उजवीकडे असतो, म्हणजे स्टिकवरचा हात बदलायचा, एअरब्रेक सोडायचा, आणि हे सगळं जमीन जवळ आलेली असताना. नको. पोटावर अलगद टेकवलं तर बहुतेक वेळा खरचटण्यावर भागतं, पण ऐनवेळी गडबडून आपटलं तर पाठीचा मणका जातो. वाजू दे, तुम्ही उडवत राहा.

शेवटचं वळण पुरेशी उंची हाताशी ठेवून घ्या आणि बँक (वळताना पंखांचा कल) आटोक्यात ठेवा: 45 अंशांच्या लेव्हल वळणात स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख ग्लायडरला पेलत नाहीत तो वेग) सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 ला 41 टक्क्यांनी. वळताना धावपट्टीची सरळ रेष ओलांडून पलीकडे जातोय असं वाटलं की पाय आपोआप रडर जास्त दाबतो आणि हात नाक वर ओढतो, स्पिनला (गोल फिरत खाली कोसळायला) एवढं पुरतं, आणि त्या उंचीवर स्पिनमधून बाहेर यायला जागाच नसते. म्हणून वळताना कॅनोपीवरचा (कॉकपिटच्या काचेवरचा) लोकरीचा दोरा सरळ आहे ना, म्हणजे ग्लायडर आडवं घसरत नाही ना, आणि स्पीड किती, यावर नजर.

फायनलला टेकायची जागा काचेवर वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडेच पडताय, एअरब्रेक कमी करा, खाली सरकत असेल तर आणखी उघडा, आणि दर वेळी नजर परत स्पीडवर. टेकल्यावरही पंख लेव्हल ठेवा, रडरने सरळ धरा, बेल्ट किंवा कॅनोपीला हात लावू नका, पंखाचं टोक गवतात अडकून ग्राउंडलूप (जमिनीवरच गर्रकन फिरणं) व्हायला तेवढाच एक क्षण लागतो. पूर्ण थांबलात की मग एअरब्रेकवरचा हात काढा.