सणाच्या दिवशी घरात आपली कुणाला किंमत नाही असं वाटतं? या चुका टाळा

गौरीपूजनाचा दिवस. दुपारचे पावणेतीन वाजलेले. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी पंगत उठून पाऊण तास झाला होता आणि मी स्वयंपाकघरात एकटीच ताट घेऊन बसले होते. आदल्या दिवशी गौरी आल्या तेव्हा भाजी-भाकरीचा नैवेद्य, आज पहाटे चारला उठून दीड किलो डाळीचं पुरण. एवढं करून थोरला जाताजाता काय म्हणाला, तर "आई, आमटी जरा पातळ झालीया." कटाची आमटी पातळच असते. पण ते वाक्य घशाखाली उतरेना आणि पोळीही उतरेना.

त्या दिवशीचं दुःख खरं होतं. तुमचंही खरंच असतं, त्याला कुणी "एवढं काय त्यात" म्हणू नये. मात्र वर्षानुवर्षं त्याच जागी ठेच लागत असेल तर आपल्या बाजूनं काय बदलता येतं, ते मी हळूहळू शिकले.

कुणाच्या लक्षात राहतंय ते बघत बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. वाढदिवस जवळ आला की आपण गप्प होतो. बघू या, आठवतंय का ह्यांना. दिवसभर फोनकडे लक्ष, रात्री साडेनऊला अश्रू, आणि नवरा गोंधळून विचारतो, "अगं, सांगायचं न्हाईस व्हय?" त्याला परीक्षा आहे हेच ठाऊक नसतं, मग तो नापास झाला म्हणून त्याच्यावर प्रेम नसल्याचा ठपका ठेवायचा कसा? आठ दिवस आधी सरळ सांगा: "रविवारी माझा वाढदिवस आहे. त्या दिवशी मी चूल पेटवणार नाही." मागून मिळालेल्या गोष्टीत गोडी नसते असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. मुलांनी आणलेली मिसळ मला गोडच लागली.

"मला काही नको" म्हणणं

पाडव्याआधी ह्यांनी महाद्वार रोडवरून फोन केला होता, "साडी बघू का एखादी?" मी म्हणाले, "नको, कपाटात जागा नाही." पाडव्याला ओवाळलं, ताटात पाचशेची नोट पडली आणि मी दोन दिवस अबोला धरला. आता विचारलं की उत्तर देते, आणि नेमकं देते. "संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर जाऊ, आपण दोघंच, फोन घरी ठेवून." फिरायला न्या असं मोघम सांगितलं तर ते कधीच घडत नाही.

आपल्याला पानावर बसूच न देणारा बेत

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध पडलं की त्याला जोराची उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तो फुटतो. म्हणजे करणारीला शेगडीपुढून हलता येत नाही. पुरणपोळी तव्यावरून थेट ताटात वाढायची म्हटलं की शेवटची पोळी लाटेपर्यंत पंगत उठलेली असते. लोक आपल्याला विसरतात त्यातला मोठा भाग हा आहे की त्या तासभरात आपण त्यांना दिसतच नाही. फक्त "आणखी एक आण की" एवढंच आत येतं.

पोळी तूप लावून, कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर दिवसभर मऊ राहते. आधी नैवेद्य दाखवा, सगळ्या पोळ्या करून घ्या, आणि एकत्र बसा. अर्धा तास उशीर झाला तर होऊ दे. पुरण वाटायला मुलांना बसवा. धाकट्यानं पहिल्यांदा पुरणयंत्र फिरवलं तेव्हा दहा मिनिटांत त्याचे दंड भरून आले, आणि "आई, तू हे दरवर्षी एकटी करतीस?" हा प्रश्न त्यानं आपणहून विचारला. मी कितीही सांगून तो त्याला सुचला नसता. "राहू दे, मीच करते, तुम्ही सांडाल" हे वाक्य मात्र तोंडातून काढायचं नाही. सांडू दे.

त्याच रात्री हिशेब काढणं

भांड्यांचा ढीग समोर, पाय सुजलेले, आणि त्यात लग्नापासूनचं सगळं बाहेर. ऐकणारा फक्त बचाव करतो. दोन दिवस जाऊ द्या, चहा घेताना एकच प्रसंग काढा: "परवा मी एकटी जेवले, मला वाईट वाटलं." एवढंच. मुलं लहान असतील तर त्यांना आठवण करून देण्याचं काम वडिलांचं आहे. आईचा वाढदिवस आईनंच मुलांना आठवण करून द्यायचा, यात आईची दमछाक होते. नवऱ्याला हे स्पष्ट सांगून ठेवा.

एक वेगळी गोष्टही सांगते. सांगूनही मुद्दाम टाळलं जात असेल, चारचौघांत अपमान होत असेल, तर तो विसराळूपणा नव्हे. तिथं वरचे उपाय पुरणार नाहीत. माहेरच्या किंवा विश्वासातल्या माणसाशी, समुपदेशकाशी बोला, एकटीनं सोसू नका.

हे सगळं शिकताना मला एकदम सासूबाई आठवल्या. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जून, त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. त्यामुळे त्यांचा वाढदिवस कधी झालाच नाही, आणि तेवीस वर्षांत मीही विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. म्हणाल्या, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाले म्हणं. आईनं भावाचा उपास धरलेला." उपवासाला केक चालणार नव्हता, म्हणून धाकट्यानं शेंगदाण्याचे लाडू वळले. "मला म्हातारीला कशाला गं हे," म्हणत त्यांनी औक्षण करून घेतलं, आणि नवी साडी रात्री झोपेपर्यंत बदलली नाही.